ॲपवरचे ४० सेंटिमीटर

मंगळवार, स्कीइंगच्या सुट्टीला निघायच्या आदल्या दिवशी

दाजींनी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, शुक्रवारी ४० सेंटिमीटर बर्फ. दहा मिनिटांत ताईने दुसऱ्या ॲपचा टाकला, तोच डोंगर, तोच शुक्रवार, १२ सेंटिमीटर. मग कुठलं ॲप खरं यावर दोघांची जुंपली आणि शेवटी मला टॅग केलं गेलं, कारण हवामानाचे नकाशे उघडून बसायची सवय घरात मलाच आहे.

मी दोन्ही ॲपमध्ये बर्फाचा आकडा सोडून पाण्याचा आकडा बघितला. एकात ३२ मिलिमीटर, दुसऱ्यात ३०. म्हणजे ढगातून किती पाणी पडणार याबद्दल दोघांचं जवळपास एकमत होतं, भांडण पुढच्या हिशोबाचं होतं. पहिल्या ॲपने सगळं पाणी बर्फ म्हणूनच पडेल असं धरलं आणि १ मिलिमीटर पाण्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास बर्फ असा गुणाकार केला. दुसऱ्याने त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी पाऊस म्हणून सोडून दिलं आणि उरलेल्या १२ मिलिमीटरला सरधोपट १ मिलिमीटरला १ सेंटिमीटर लावून १२ सेंटिमीटर काढले.

आता पाऊस का, तर मॉडेलला, म्हणजे जग चौकोनांत वाटून संगणकावर हवामानाचा हिशोब करणाऱ्या प्रोग्रामला, आपला डोंगर दिसतच नाही. ॲपवाले स्वतः काही हवामान वर्तवत नाहीत, बहुतेकांच्या मागे तीच दोन-चार मॉडेल्स असतात, अमेरिकेचं जीएफएस, युरोपियन सेंटरचं ईसीएमडब्ल्यूएफ, जर्मनांचं आयकॉन वगैरे. जीएफएसचा एक चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपियनचा ९ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात डोंगर, दरी, शेजारचं पठार सगळ्यांची सरासरी होऊन एकच उंची उरते. आम्ही जाणार होतो तो रिसॉर्ट पायथ्याला १४०० मीटर आणि वरच्या टोकाला १९५० मीटर, आणि ताईच्या ॲपमधल्या चौकोनाची उंची होती १२५०. उंचीबरोबर हवा सरासरी किलोमीटरमागे साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे टोकाच्या मानाने मॉडेलची जमीन साडेचार अंशांनी उबदार. मोठ्या नावाजलेल्या रिसॉर्टसाठी ॲपवाले ही दुरुस्ती करतात, कधी माणूस बसवून करतात. दोन चेअरलिफ्ट (तारेवरच्या खुर्च्या) आणि एक टी-बार (स्कीअरला ओढत वर नेणारी दांडी) असलेल्या ठिकाणासाठी कोण करतंय?

दाजींना एवढंच कळवलं की ४० पण विसरा आणि १२ पण विसरा, शुक्रवारी शून्य अंशाची रेषा, म्हणजे हवा शून्याला पोचते ती उंची, कितीवर आहे ते बघा. त्यावर त्यांचा अंगठा आला. वाचलं की नाही देव जाणे.

(रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की सगळे त्याच ठिकाणाबद्दल विचारत बसतात, आणि यातलं जवळपास सगळं कुठल्याही छोट्या रिसॉर्टला लागू पडतं.)

बुधवार

पूर्ण दिवस प्रवासात. शेवटच्या घाटात रस्ता कोरडा, कडेला जुना मळकट बर्फ. एकच गोष्ट नोंद करण्यासारखी, रात्री युरोपियन मॉडेलचं एन्सेम्बल उघडून बघितलं. तेच मॉडेल सुरुवातीच्या परिस्थितीत थोडा थोडा फरक करून ५० वेळा चालवतात, अधिक एक मूळ, असे ५१ अंदाज मिळतात. शुक्रवारसाठी ५१ पैकी बहुतेक सगळे २० ते ४० मिलिमीटर पाण्याच्या पट्ट्यात होते, म्हणजे वादळ येणार हे पक्कं. पण १५०० मीटरच्या आसपासचं तापमान बघितलं तर उणे ३ पासून अधिक २ पर्यंत पसरलेलं, आणि आमच्यासाठी सगळा खेळ त्याच पाच अंशांत होता. ॲप या ५१ मधलं काहीच दाखवत नाही, एक आकडा आणि एक ढगाचं चित्र दाखवतं. "४० सेमी" वाचलं की माणूस ४० च धरून बसतो ना.

गुरुवार

सकाळी रिसॉर्टचा स्वतःचा स्नो रिपोर्ट बघितला: साठलेला बर्फ खाली ४५ सेंटिमीटर, वर ११०, ताजा बर्फ ०, स्थिती "हार्ड पॅक". यातला कामाचा शब्द शेवटचा. वरचा आकडा जिथे मोजतात ती जागा वाऱ्यापासून आडोशाची, झाडांमधली असते, तिथे बर्फ टिकतोच. खालचे ४५ सेंटिमीटर मात्र ऐकायला कमी वाटले तरी स्लोपखाली गवत असेल आणि बर्फ मशीनने दाबलेला असेल तर चांगलं स्कीइंग होतं. खाली दगडगोटे असतील तर तोच आकडा अपुरा. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं, उन्हाळ्यातले फोटो शोधून बघायचे.

"हार्ड पॅक" हा सभ्य शब्द आहे. मागच्या आठवड्यात वितळून परत गोठलेला बर्फ, त्यावर रात्री ग्रूमिंगचं, म्हणजे बर्फ दाबून सारखा करायचं मशीन फिरवून त्याच्या रेघा पाडलेल्या. सकाळी नऊला स्कीच्या कडा लागताना खरवडल्याचा आवाज येत होता. मुख्य स्लोप उत्तरेकडे तोंड करून, तो दिवसभर तसाच कडक राहिला. गावाकडे उतरणारी एकच वाट दक्षिणेकडे, ती अकराला मऊ, साडेबाराला मजेदार आणि अडीचला पायात लोळणारी लापशी झाली. त्यामुळे साडेदहापर्यंत कॉफी पीत बसून, मग दक्षिणेची वाट, आणि ती खराब व्हायला लागली की उत्तरेकडे असा कार्यक्रम ठेवला. ताई पहिल्यांदाच शिकत होती, तिला हे वेळापत्रक एकदम पटलं, कारण सकाळच्या कडक बर्फावर पडलं तर लागतं.

दुपारी लिफ्टच्या खाली बसणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांशी गप्पा झाल्या. मी विचारलं ताजा बर्फ कसा मोजता, तर त्यांनी मागे नेऊन दाखवलं, एक पांढरी लाकडी फळी आणि तिच्यात उभी पट्टी. रोज सकाळी सातला वाचायचं आणि फळी झाडून टाकायची. हे महत्त्वाचं आहे कारण ताजा बर्फ स्वतःच्याच वजनाने बसत जातो, दर सहा तासांनी मोजून झाडत गेलात आणि बेरीज केलीत तर चोवीस तासांनी एकदाच मोजण्यापेक्षा मोठा आकडा येतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, फक्त आकड्यांची तुलना होत नाही.

खोटं बोलणारेही असतात म्हणा. अमेरिकेत जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थतज्ज्ञांनी स्की रिसॉर्टचे रिपोर्ट तपासले होते, २०१६ साली तो पेपर छापून आला, तर असं दिसलं की रिसॉर्टवाले शनिवार-रविवारी इतर दिवसांपेक्षा बराच जास्त ताजा बर्फ जाहीर करतात. आभाळाला तर वार कळत नाही. गंमत म्हणजे एका आयफोन ॲपमध्ये स्कीअरनाच जागेवरून खरी परिस्थिती टाकायची सोय झाल्यावर हे फुगवणं एकदम उतरलं, आणि जिथे फोनला रेंज चांगली तिथे जास्तच उतरलं. म्हणून मी रिपोर्ट वाचतो, पण शेजारी वेबकॅम उघडा ठेवतो. वेबकॅममध्ये कुंपणाचे खांब, बाकं, उभ्या गाड्यांची टपं बघायची, त्यांना कोणी पगार देत नाही.

संध्याकाळी थर्मामीटर अधिक १ दाखवत होता आणि खाली कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या स्नो गन सुरू झाल्या. दाजी म्हणाले, "अरे यांना वेड लागलंय का, शून्याच्या वर बर्फ कसा होईल?" होतो, हवा कोरडी असेल तर. पाण्याचा फवारा उडाला की त्यातलं थोडं पाणी वाफ होतं आणि बाकीचं गार करून जातं, ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जे तापमान दाखवेल ते इथे चालतं, त्याला वेट बल्ब म्हणतात. आर्द्रता ३० टक्के होती, म्हणजे अधिक १ ला वेट बल्ब जवळपास उणे ४ येतो, आणि गनला उणे अडीचच्या आसपास पुरतं. याच आर्द्रतेची दुसरी बाजू म्हणजे ढगातून पडणाऱ्या बर्फालाही हाच नियम. कोरड्या हवेत बर्फाचे कण स्वतःला गार ठेवत शून्य रेषेच्या बरेच खाली टिकतात. उद्यासाठी ही चांगली खूण होती.

शुक्रवार

सकाळी सहाला छपरावर टपटप आवाज. पाऊस.

ताईचा चेहरा पडला, दाजी तर परत अंथरुणात शिरले. फोरकास्टमध्ये शून्य रेषा १७०० मीटरवर होती आणि रात्री ११०० पर्यंत उतरणार होती. बर्फ शून्य रेषेवर लगेच वितळत नाही, साधारण दोनशे-तीनशे मीटर खाली येईपर्यंत टिकतो, म्हणजे बर्फाची रेषा १४०० ते १५०० च्या मध्ये कुठेतरी, आणि आमची खोली १४०० वर. थोडक्यात आम्ही बरोबर काठावर झोपलो होतो. मी म्हटलं कपडे घाला, वर जाऊ.

पहिल्या चेअरलिफ्टवर बसलो तेव्हा जॅकेटवर सरळ पाणी. तिसऱ्या-चौथ्या खांबापाशी थेंब जड आणि पांढुरके झाले, पडल्यावर चिकटत होते. सहाव्या खांबानंतर मोठाले ओले पुंजके, एकमेकांना चिकटलेले, हातमोज्यावर पडून क्षणात विरघळणारे. आणि वरच्या स्टेशनला उणे दीड, बारीक कण, सगळं पांढरं. एकाच लिफ्टमध्ये सगळा फोरकास्टचा तक्ता उभा बघायला मिळतो, हे मला छोट्या डोंगरांचं फार आवडतं. मोठ्या रिसॉर्टमध्ये लोक थेट ३००० मीटरवर जातात आणि खाली काय चाललंय ते त्यांना संध्याकाळीच कळतं.

वरचा बर्फ मात्र जड होता. शून्याच्या जवळ पडणारा बर्फ १ मिलिमीटर पाण्याला सहा-सात मिलिमीटरच भरतो, स्की त्यात खचतात आणि मांड्या बोंबलतात. हलका, उडणारा, ज्यासाठी लोक विमानं पकडतात तो बर्फ व्हायला ढगातच उणे १२ ते उणे १८ च्या दरम्यानचं तापमान आणि भरपूर ओलावा एकत्र लागतो, तिथे सहा फांद्यांचे चांदणीसारखे स्फटिक सगळ्यात जोमाने वाढतात, आणि ते एकमेकांवर पडताना मध्ये हवा धरून ठेवतात. कुठल्या तापमानाला कसा स्फटिक होतो हे जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी होक्काइडोच्या प्रयोगशाळेत शोधलं, १९३६ मध्ये त्यांनी सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. आमच्या शुक्रवारच्या ढगाचं डोकं तेवढं थंड नव्हतं. मध्येच अर्धा तास तर थर्माकोलच्या गोळ्यांसारखे पांढरे कण पडले, म्हणजे स्फटिकांवर ढगातले अतिथंड थेंब गोठून बसलेले. ताईला ते फार आवडले, जॅकेटवरून घरंगळतात, भिजवत नाहीत.

दुपारी एकपर्यंत पायथ्याला पाऊसच. कॅफेत लोक तिकिटाचे पैसे परत मागायच्या गोष्टी करत होते. मग दीडच्या सुमारास पावसाचा जोर खूप वाढला आणि वीस मिनिटांत त्याचा बर्फ झाला, तापमान अधिक २ वरून शून्यावर आलं, आणि अजून थंड वारं तर कुठे आलंच नव्हतं, फोरकास्टमध्ये ते रात्री येणार होतं. हे कुठल्याही ॲपमध्ये नव्हतं आणि मला मनापासून बघायचं होतं ते हेच. वरून येणारा बर्फ खालच्या उबदार हवेत वितळतो तेव्हा वितळायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतो, किलोमागे ३३४ किलोज्युल. हिशोब केला तर १ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ शंभर मीटर जाडीच्या थरात वितळला तर तो थर सुमारे ३ अंशांनी गार होतो. वारा असेल तर नवी उबदार हवा येऊन हे पुसून टाकते, पण आमची दरी अरुंद आणि वारा जवळजवळ नव्हताच, त्यामुळे जोराची सर आली की ती स्वतःच बर्फाची रेषा खाली ओढत होती. सर ओसरली की परत गिचगिच, वाढली की परत बर्फ. तेरा किलोमीटरच्या चौकोनाला ही दरी माहीतच नाही तर तो हे दाखवणार कुठून. फ्रान्सच्या हवामान खात्याचं आरोम १.३ किलोमीटरचं आहे, तशा बारीक जाळीच्या मॉडेलमध्ये असल्या गोष्टी थोड्याफार उमटतात, पण ती मॉडेल्स दोन दिवसांच्या आसपासच पुढे बघतात. सुट्टी ठरवायला त्यांचा उपयोग नाही, आदल्या रात्री अलार्म किती वाजताचा लावायचा एवढ्यापुरता भरपूर.

रात्री गार वारं आलं. झोपायच्या आधी बाहेर डोकावलो तर कण बारीक, तिरके, आणि रस्त्यावरचा दिवा धुरकट.

शनिवार

फळीवर सकाळी सातला पायथ्याशी १४ सेंटिमीटर, वरच्या स्टेशनला ३१. दाजी म्हणाले ४० च्या जवळ आलोच की, ताई म्हणाली १२ च्या जास्त जवळ आलो. दोघांनाही आपलं ॲप बरोबर वाटलं, सोडून दिलं.

आणि वरची लिफ्ट बंद.

बर्फ भरपूर आणि पोचायला रस्ता नाही, ही छोट्या रिसॉर्टची खास व्यथा. तिथे वर जाणारी एकच चेअरलिफ्ट असते, ती उघड्या कड्यावरून जाते, आडव्या वाऱ्यात खुर्च्या झुलायला लागल्या की थांबवावीच लागते. त्यामुळे मी फोरकास्टमध्ये वाऱ्याची सरासरी कधीच बघत नाही, झोत बघतो आणि दिशा बघतो. लिफ्टच्या रेषेला काटकोनात येणारा वारा सगळ्यात वाईट. शनिवारी सकाळी नेमका तसा होता, आणि हे गुरुवारपासून नकाशावर दिसत होतं, म्हणून मी खालच्या लिफ्टच्या बाजूची झाडीतली वाट आधीच हेरून ठेवली होती.

झाडीत अफलातून मजा आली. वारा पोचत नाही, पडलेला बर्फ पडल्या जागी राहतो, शिवाय ढगात सगळं पांढरंशिप्पट झालेलं असताना खोडांमुळे उतार कुठे आणि खड्डा कुठे ते तरी कळतं. उघड्या स्लोपवर त्याच वेळी लोकांना आपण चाललोय की थांबलोय तेही समजत नव्हतं, एक जण उभ्या उभ्या आडवा झालेला पाहिला.

दुपारी स्की पेट्रोलच्या, म्हणजे रिसॉर्टच्या सुरक्षा पथकाच्या, एका मुलीने ढगातून जरा उघडीप झाल्यावर वरचा कडा दाखवला. वाऱ्याच्या बाजूला दगड उघडे पडलेले, म्हणजे तिथला बर्फ गेला, आणि मागच्या बाजूला ओठासारखी पुढे आलेली बर्फाची कड. सुट्टा कोरडा बर्फ ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यातच हलायला लागतो, एका बाजूचा उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो, आणि जाताना स्फटिकांच्या फांद्या मोडून त्यांचा दाट थर करतो. म्हणजे "३१ सेंटिमीटर" हा आकडा त्या फळीपुरता, कड्याच्या अलीकडे ० आणि पलीकडे मीटरभर. तो पलीकडचा थर खाली कशावर टेकलाय हा खरा प्रश्न, आमच्याकडे तो त्या जुन्या गोठलेल्या गुळगुळीत पापुद्र्यावर टेकला होता. त्या दिवशी हिमस्खलनाचा इशारा ५ पैकी ३ होता. ही पाच पायऱ्यांची पट्टी युरोपात १९९३ पासून एकसारखी आहे. ३ म्हणजे मधला, म्हणजे ठीकठाक, असं लोकांना वाटतं, पण पुढची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा खूपच मोठी उडी असते आणि ३ च्या दिवशी बरेच जीव जातात, कारण ४ ला लोक घाबरून घरी बसतात आणि ३ ला बाहेर पडतात. दाजींना पलीकडचा तो कोरा उतार फार खुणावत होता, "कोणीच गेलेलं नाही रे तिकडे!" मी म्हटलं दाजी, कोणी का गेलं नाही तेच तर ही पेट्रोलची मुलगी सांगतेय. रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीच्या आत राहिलो.

रविवार

आकाश निळं, वारा शून्य, वरची लिफ्ट सुरू, पायथ्याला उणे ११ आणि वर उणे ६. हो, वर कमी थंड. रात्र निरभ्र आणि शांत असली की जमीन उष्णता आकाशात सोडून देते, गार जड हवा दरीत साठते आणि उंची वाढली की गारवा वाढेल हा नियम काही तासांसाठी उलटा होतो. ताई शहाणपणाने खाली कुडकुडण्यापेक्षा पहिल्या लिफ्टने वर उन्हात जाऊन बसली.

ग्रूमिंग केलेला मुख्य स्लोप त्या दिवशी अख्ख्या आठवड्यातला सर्वोत्तम होता, झाडीपेक्षाही. मशीनने रात्री ताजा आणि जुना बर्फ एकत्र करून दाबलेला, मग काही तास थंडीत तसाच सोडलेला, तेवढ्यात कण एकमेकांना जुळतात आणि घट्ट पण धरणारा पृष्ठभाग होतो. संध्याकाळीच मशीन फिरवलं असेल तर सकाळी छान, पहाटे उशिरा फिरवलं असेल तर लवकर उखडतं. कुठला स्लोप कधी केला ते विचारायचं, रिसेप्शनला नाही, लिफ्टवर. आमच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बोटानेच दाखवलं, डावा आधी केला, उजवा पहाटे. डाव्यावर दुपारपर्यंत फिरलो.

ताईने डाव्यावरून न पडता पहिल्यांदा पूर्ण उतार केला आणि दाजी व्हिडिओ काढायच्या नादात स्वतः पडले.

संध्याकाळी सामान भरताना पुढचा प्रश्न आला, बुधवारी अजून एक वादळ दिसतंय, दाजींच्या ॲपवर ३५ सेंटिमीटर, थांबायचं का? मी एन्सेम्बल उघडलं. पाणी ० पासून ३० मिलिमीटरपर्यंत सगळीकडे विखुरलेलं, काही अंदाजांत वादळ उत्तरेकडून निघूनच जात होतं. शून्य रेषा मात्र जवळपास सगळ्यांत १००० च्या खाली, म्हणजे यावेळी पडला तर पायथ्यापर्यंत कोरडा बर्फ, प्रश्न फक्त पडतो का एवढाच. वारा पुन्हा कड्याला आडवा. मी आणि ताई सोमवारी सकाळी निघायचं ठरवलं. दाजींनी ऑफिसला मेल टाकून रजा वाढवली आणि झाडीतल्या वाटेचा नकाशा माझ्याकडून मागून घेतला.